न्हाणीघरातला गॅस गिझर: धूर कुठून काढायचा आणि हवा कुठून आणायची

तुमचा प्रश्न मी असा समजलो. गुहागरला जुन्या घरामागे दोन खोल्या आणि एक न्हाणीघर नवं बांधलंय. वर स्लॅब आहे. न्हाणीघर पाच बाय सात फूट, उंची आठ फूट, समुद्राकडच्या म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला अॅल्युमिनियमची सरकती खिडकी, आणि उत्तरेला लागून सामानाची छोटी पडवी. प्लास्टर व्हायचं आहे. पावसात लाइट जाते म्हणून गॅस गिझर घ्यायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो, एक्झॉस्ट फॅन लावला की काळजी मिटली. गवंडी म्हणतो, चार इंची पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर काढून देतो. मेहुणे म्हणतात, कशाला खर्च, खिडकी उघडी ठेवा. कोणाचं ऐकायचं? शिवाय आंबोलीच्या खोलीत थंडीसाठी गॅसचा हीटर ठेवला तर चालेल का, हेही विचारलंय.

मी बावीस वर्षं गॅस गिझर बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतोय, दापोलीपासून राजापूरपर्यंत. आधी थेट उत्तर देतो, कारण प्लास्टर थांबलेलं आहे. गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नका. उत्तरेच्या पडवीत भिंतीवर बसवा आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत न्या. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण जेवढं सुटलंय तेवढ्यावरच न्हाणीघरात माणसं बेशुद्ध पडतात. कसं, ते सांगतो.

तिघंही ‘धूर बाहेर कसा काढायचा’ एवढाच विचार करतायत. त्याच्या आधीचा प्रश्न आहे, हवा आत कुठून येणार. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा साधा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या एका आंघोळीला दोन घनमीटर, आपल्या भाषेत सत्तर घनफूट हवा गिझरच खाऊन टाकतो. तुमचं न्हाणीघर आहे दोनशे ऐंशी घनफुटांचं. चौथा हिस्सा हवा एका आंघोळीत वापरली गेली. आता पावसाळ्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. खिडकी बंद, दाराखाली पाणी बाहेर जाऊ नये म्हणून रबरी पट्टी, आणि शाळेची घाई म्हणून मुलं एकामागून एक आंघोळीला. तिसऱ्या माणसाच्या वेळी ज्योतीला पुरेसा ऑक्सिजन उरलेला नसतो.

ज्योतीला हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरमधला गॅस गळला तर आपल्याला कळतं, कारण त्यात मुद्दाम मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. पण ज्योतीत ते जळून जातं, त्यामुळे ‘वास आला असता ना’ हा भरवसा इथे कामाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. माणसाला वाटतं पित्त झालं, उपाशीपोटी गरम पाण्यानं भोवळ आली. कडी काढायला हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही. दार आतून बंद असतं आणि नळ चालू असतो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय.

आपल्या जुन्या घरांमध्ये हा प्रश्न का नव्हता, ते बघण्यासारखं आहे. आमच्या आजोळी पाणचूल परसदारी होती, वर फक्त झावळ्यांचा आडोसा. ज्यांच्याकडे तांब्याचा बंब होता, त्या बंबाच्या पोटातून उभी नळी गेलेली असायची. खाली निखारे, वर तोंड उघडं. गरम हवा नळीतून वर चढायची आणि खालच्या जाळीतून ताजी हवा आपोआप ओढली जायची. खालून हवा आत आणि वरून धूर बाहेर, एवढंच धुराड्याचं सगळं शास्त्र आहे, आणि ते त्या बंबात पूर्ण होतं. शिवाय बंब कधी न्हाणीत नसायचा. तो पडवीत किंवा खळ्यात पेटायचा आणि पाणी बादलीनं आत जायचं. स्वयंपाकघराच्या चुलीचा धूरसुद्धा कौलांच्या फटींतून जायचा. मंगलोरी कौलांचं छप्पर श्वास घेतं. स्लॅब घेत नाही, आणि सरकती खिडकी रबराची पट्टी लावून बसवली की तीही घेत नाही. घर बदललं, पण पाणी तापवायची आग आपण परसदारातून उचलून थेट बंद खोलीत आणून टांगली.

आता काय कशावर अवलंबून आहे, ते सांगतो, म्हणजे हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही आपापल्या घराला लावता येईल. न्हाणीघराला लागून उघडी जागा आहे का? तुमच्याकडे आहे, म्हणून माझं काम सोपं झालं. फ्लॅटमध्ये नसते. दुसरं, भिंत कुठल्या दिशेला आहे. कोकणात हा प्रश्न पुण्यापेक्षा फार मोठा आहे, कारण जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून भिंतीवर येऊन आदळतो. तिसरं, लाइट किती वेळ जाते आणि घरात इन्व्हर्टर आहे का. आणि चौथं, गिझर वापरणार कोण. घरातली माणसं शिकवली तर शिकतात. तुमच्या मनात पुढेमागे त्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतील, तर मुंबईहून आलेला पाहुणा पहिली गोष्ट करणार ती खिडकी लावून घ्यायची. त्याच्या आठवणीवर त्याचा जीव सोडता येणार नाही.

म्हणूनच मेहुण्यांचा ‘खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला मे महिन्यात बरोबर आणि जुलैत चुकीचा. पश्चिमेची खिडकी पावसात कोणी उघडी ठेवत नाही. ठेवली तरी सरकत्या खिडकीचं एकच पान उघडतं, त्याला डासांची बारीक जाळी असते, आणि त्या जाळीच्या भोकांत खारं आणि धूळ बसून दोन वर्षांत ती अर्धी बुजते. माझा अनुभव असा की माणसानं रोज लक्षात ठेवून करायची सुरक्षा वर्षभर टिकत नाही. ती भिंतीतच बांधलेली हवी.

दुकानदाराच्या एक्झॉस्ट फॅनवर जरा जास्त बोलतो, कारण ही समजूत सगळीकडे आहे. पंखा हवा बाहेर टाकतो, हे खरं. पण बंद खोलीतून हवा बाहेर टाकायची तर तेवढीच आत यावी लागते. आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो, पाती फिरताना दिसतात आणि हवा हलत नाही. म्हणजे खाली भोक नसेल तर वरचा पंखा निम्म्याहून जास्त निकामी. दुसरी गोष्ट, तुम्ही गॅस गिझर घेताय तोच मुळी लाइट जाते म्हणून. लाइट गेली की पंखा बंद, आणि नेमका तेव्हाच गिझर चालू. तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. गिझरला धुराचा पाइप लावलाय आणि त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅनही आहे, असं मी पुष्कळ घरांत बघितलंय. लोकांना वाटतं दोन्ही आहे, दुप्पट सुरक्षित. होतं उलटं. पंखा खोलीतली हवा ओढतो, खोलीत ओढ तयार होते, आणि आत यायला सगळ्यात सोपी वाट तो धुराचा पाइपच असतो. मग बाहेर जाणारा धूर पाइपातून उलटा खोलीत येतो. साध्या पाइपातल्या गरम हवेचा जोर फार कमी असतो, छोटा पंखाही त्याला सहज हरवतो.

हे तुमच्याकडे किंवा कुणाकडे होतंय का, ते बघायची सोपी रीत आहे. दार-खिडकी लावा, एक्झॉस्ट फॅन असेल तर चालू करा, गिझर पाच मिनिटं पूर्ण जोरात चालवा. मग गिझरच्या डोक्यावर पाइप सुरू होतो तिथली जी उघडी फट असते, तिच्याजवळ पेटती उदबत्ती धरा. धूर फटीतून आत ओढला गेला तर पाइप काम करतोय. धूर तुमच्या तोंडाकडे आला तर गिझरमधला सगळा वायू खोलीत सांडतोय. चष्म्याची काच तिथे धरली आणि ती धुरकटली, तरी अर्थ तोच. तपासणी संपली की लगेच गिझर बंद करून दार उघडा. आणि एक नेहमी लक्षात ठेवा. आजूबाजूला गॅसचा वास येत असेल तर उदबत्तीच काय, काडीही ओढायची नाही.

गवंड्याचा पाइप. कल्पना योग्य, वस्तू चुकीची. गिझरमधून निघणारा वायू शंभर अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि पीव्हीसी ऐंशीच्या आसपासच मऊ पडायला लागतं. पहिल्या महिन्यात पाइप वाकतो, सांधा सुटतो, आणि तो सुटतो भिंतीच्या आत जिथे दिसत नाही. धातूचाच पाइप हवा. त्यातही आपल्याकडे साधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा टिकत नाही. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. थंड पाइपात त्याचे थेंब होतात, बाहेरून खारा वारा लागतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पत्रा खालच्या अंगानं सडतो. मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील वापरतो. ३०४ वर काही वर्षांत बारीक तपकिरी ठिपके पडायला लागतात. जरा आत, चिपळूणकडे, ३०४ पुरतं. घडीचा पातळ अॅल्युमिनियम पाइप, जो ओढला की लांब होतो, तो तात्पुरता म्हणूनही मी लावत नाही. त्याला मधे झोळ येतो, झोळात पाणी साठतं, आणि वाट बंद होते.

पण धातूचा पाइप घेऊनही दिशा चुकली तर सगळं वाया जातं, आणि हे मी स्वतःच्या कामातून शिकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी हर्णैकडच्या एका घरात मी मे महिन्यात गिझर बसवला. पाइप पश्चिमेच्या भिंतीतून आडवा बाहेर काढला, कारण ती भिंत जवळ होती. उदबत्ती लावून बघितलं, धूर छान ओढला जात होता. जुलैत त्यांचा फोन आला, मुलगी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यानं दार तोडून बाहेर काढली म्हणून वाचली. मी तिथे गेलो तेव्हा समुद्रावरून असा वारा होता की पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर बाहेरची हवा आत घुसताना जाणवत होती. मेमध्ये केलेली तपासणी जुलैच्या वाऱ्याला लागू नव्हती, आणि ती जबाबदारी माझीच होती. त्या दिवसापासून पश्चिम आणि दक्षिण भिंतीतून मी साधा पाइप काढलेला नाही. कुणी आग्रह केला तर काम सोडतो.

साधा, म्हणजे पंख्याशिवायचा पाइप लावायचाच असेल, तर माझी पद्धत अशी. गिझरच्या डोक्यावरून आधी किमान दोन फूट सरळ वर, मगच वळण. वरची चढणच धुराला ओढ देते. निघाल्या निघाल्या आडवा केला तर ओढच तयार होत नाही. आडवा भाग जितका आखूड तितका बरा, आणि तोही बाहेरच्या दिशेनं किंचित चढता. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. गिझरच्या तोंडाचा जो व्यास आहे, त्यापेक्षा पाइप कुठेही बारीक करायचा नाही. शेवट स्लॅबच्या वर, पॅरापेटच्याही वर काढून त्यावर टोपी, म्हणजे वारा कुठूनही आला तरी तोंड मोकळं राहतं. पाइपाचं तोंड कुठल्याही खिडकीच्या खाली किंवा शेजारी चार फुटांच्या आत नको. आणि इतकं सगळं केलं तरी खाली हवा यायला भोक लागतंच. मी दाराच्या खालच्या बाजूला किंवा बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत नऊ बाय सहा इंच आणि छताजवळ तेवढंच, अशी दोन कायमची उघडी भोकं ठेवतो. त्यांना पाव इंची भोकांची जाळी, डासांची नाही.

दुसरा प्रकार पंख्याच्या गिझरचा. यात गिझरच्या आतच छोटा पंखा असतो आणि तो धूर जोरानं बाहेर ढकलतो. पाइप बारीक असतो, आडवा काढता येतो, वाऱ्याला फारशी दाद देत नाही. कंपनीनं सांगितलेल्या लांबीपुढे न्यायचा नाही आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा, म्हणजे आतलं पाणी गिझरमध्ये परत येत नाही. पंखा थांबला तर चांगल्या गिझरमध्ये गॅस आपोआप तुटतो. पण म्हणजेच लाइट गेली की गिझर बंद. इन्व्हर्टरवर हा पंखा सहज चालतो, त्यामुळे इन्व्हर्टर असेल त्याच घरात मी हा सुचवतो. हवा मात्र हा गिझरही खोलीतूनच घेतो, म्हणून खालचं भोक इथेही सुटत नाही.

तिसरा प्रकार पूर्ण बंद पेटीचा. पाइपात पाइप असतो. आतल्यातून धूर बाहेर जातो, बाहेरच्यातून ताजी हवा आत येते, आणि खोलीतल्या हवेचा ज्योतीशी संबंधच येत नाही. आतमध्येच बसवायचा असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. महाग पडतो, इकडे सगळ्या दुकानांत मिळत नाही, आणि बहुतेकांना लाइट लागतेच. फ्लॅटवाल्यांना मी हाच सांगतो.

आता तुमच्या पडवीकडे येतो. बाहेर बसवायचा म्हटलं की लोक तीन शंका काढतात. पाणी येईपर्यंत गार होईल, वाऱ्यानं ज्योत विझेल, आणि पावसात गिझर सडेल.

पहिली शंका सोडून द्या. पडवीपासून नळापर्यंत दहा फूट अर्धा इंची पाइप धरला तरी त्यात अर्ध्या लिटरच्या आसपासच पाणी मावतं. तेवढं गार पाणी गेलं की मागोमाग गरम येतं. सीपीव्हीसीचा गरम पाण्याचा पाइप वापरा, त्यावर फोमची नळी चढवा, आणि भिंतीतून जाताना बाहेरून एक मोठा पाइप ठेवून त्यातून न्या, म्हणजे पुढे बदलायचा झाला तर चिरा फोडावा लागणार नाही.

वाऱ्याची शंका खरी आहे, पण तुमची पडवी उत्तरेला म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला येते. जोराचा वारा पडवीत वळून येत असेल तर पश्चिमेच्या अंगाला एक चिऱ्याची आडभिंत घाला. खालचे दोन फूट आणि वरचा एक फूट मोकळे ठेवा. इथे एक चूक हमखास होते. गिझर दिसायला बरा दिसत नाही म्हणून सुतार त्याला कपाट करतो, दारं लावतो. मग पडवीत असूनही गिझर परत बंद खोलीत. आडोसा करा, पेटी करू नका. आणि पडवीची पुढची बाजू कधी काचेनं किंवा शटरनं बंद करून खोली केलीत, तर त्याच दिवशी गिझरची जागा बदलायची. पडवीत उघडणारी खोलीची खिडकी असेल तर गिझर तिच्यापासून लांबच्या टोकाला.

सडण्याची शंका सगळ्यात खरी. समुद्राकाठी गिझर आत असो वा बाहेर, पुण्यात जितकी वर्षं टिकतो तितका इथे टिकत नाही. आतली तांब्याची जाळी हिरवी पडते, बर्नरच्या भोकांत क्षार बसतात, सेलच्या डब्यातल्या पट्ट्या गंजतात. म्हणून वर्षातून दोनदा उघडून साफ करायचा. एकदा आगोटीच्या कामांबरोबर, मिरगाच्या आधी, आणि एकदा गणपती झाल्यावर. त्या दुसऱ्या वेळी मला पाइपात किंवा बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीनं केलेलं मातीचं घरटं सापडतं, नाहीतर कोळ्याचं जाळं. बोटाएवढं घरटं हवेची वाट बुजवायला पुरतं. मधल्या काळात तुम्ही फक्त ज्योत बघा. निळी आणि स्थिर असेल तर ठीक. पिवळी, लांब, लवलवणारी दिसली किंवा गिझरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर त्या दिवसापासून साफ होईपर्यंत वापर बंद.

गॅसच्या बाजूचंही थोडक्यात सांगतो. सिलिंडर पडवीतच, उभा, सपाट जमिनीवर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा खाली वाहतो, म्हणून सिलिंडरजवळ गटाराचं तोंड, मोरीचं भोक किंवा खड्डा नको. नळी आयएसआय छापाची सुरक्षा होज, तिच्यावरची मुदत बघून बदलायची. खोल्या पर्यटकांना दिल्यात तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तेव्हा भटारखान्याच्या शेगडीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर गिझरला लावू देऊ नका. घरगुती गिझर ३० मिलिबारचा असतो. त्यापेक्षा दाब वाढला की गॅस जास्त, हवा कमी, आणि काजळी. गिझर घेताना त्यावर आयएस १५५५८ हा क्रमांक आहे का, ते बघा. एलपीजीच्या छोट्या घरगुती गिझरसाठीचं भारतीय मानक ते आहे. मानकाचा छाप असला म्हणजे तो बंद खोलीत चालेल असा अर्थ मात्र होत नाही, आणि दुकानात हे फारसं कुणी सांगत नाही.

लाइटचा प्रश्न नसता तर मी तुम्हाला पंधरा लिटरचा विजेचा गिझर सांगितला असता, हेही मोकळेपणानं लिहितो. पण वाऱ्यात माड तारेवर पडतो आणि दोन-दोन दिवस लाइट येत नाही, ही आपली स्थिती मला माहीत आहे.

आंबोलीच्या खोलीबद्दल. गॅसचा खोली तापवायचा हीटर, ज्याच्या पोटातच सिलिंडर असतो आणि ज्याला धुराचा पाइप नसतो, तो झोपायच्या खोलीत ठेवू नका. गिझर दहा मिनिटं चालतो, हीटर रात्रभर चालतो, आणि माणूस झोपलेला असतो. शिवाय आंबोलीत धुकं आणि ओल इतकी की सगळं बंदच ठेवलेलं असतं, आणि या हीटरमधून निघणारी वाफ त्या ओलीत भर घालते. गॅसचाच हवा असेल तर बंद पेटीचा, पाइपात पाइप असलेला, भिंतीतून बाहेर जाणारा. नाहीतर विजेचा तेलाचा हीटर आणि जाड रजई. पेटत्या कोळशाची शेगडी आत घेणं तर याहून वाईट. गिझरच्या मानानं कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड त्यातून निघतो.

आत गिझर असलेल्या प्रत्येक घरात मी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायला सांगतो. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, तो जमिनीजवळ लावतात. हा डोक्याच्या उंचीवर, आणि न्हाणीघराच्या आत नाही, दाराबाहेर, कारण आतल्या वाफेनं त्याचा सेन्सर लवकर मरतो. युरोपीय मानकाचे अलार्म ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग हा वायू असला की, तीन मिनिटांच्या आत वाजतात, ५० पीपीएमला मात्र एक तास ते दीड तास घेतात. त्यामुळे अलार्म शांत आहे आणि तरी डोकं दुखतंय, तर डोक्यावर विश्वास ठेवा. सेन्सरलाही आयुष्य असतं, मागे तारीख छापलेली असते.

कुणी न्हाणीघरात पडलंच तर आधी स्वतः श्वास रोखून दार उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करा आणि १०८ ला फोन लावा. कोविडच्या वेळी घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात असेल, त्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजन धरल्यासारखंच दिसतं, आणि आकडा ९८ दाखवत असताना माणूस गुदमरलेला असतो. शुद्धीवर आला, चहा प्यायला, म्हणूनही घरी ठेवू नका. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर दीड तासाच्या आत येतो. दवाखान्यात गेल्यावर ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा, नाहीतर चक्कर, पित्त, मिरगी यांचेच उपचार सुरू होतात.

पुन्हा तुमच्या कामाकडे. प्लास्टर व्हायच्या आधी गवंड्याला चार गोष्टी सांगा. उत्तरेच्या भिंतीतून, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, गरम आणि गार पाण्यासाठी दोन मोठे पाइप आरपार घालून ठेव. पडवीतल्या भिंतीत, साधारण छातीच्या उंचीपासून वर, गिझरच्या खुंट्यांसाठी पोकळ चिरा असेल तर तिथे सिमेंट भर, कारण जांभ्यात नुसता प्लगचा स्क्रू कालांतरानं सैल होतो. दाराला खाली जाळीची फट ठेव, कारण गिझर बाहेर असला तरी वाफ बाहेर जायला ती लागते आणि भिंतीला बुरशी येत नाही. आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक पश्चिमेला नाही, उत्तरेला पाड, पडवीत गिझर जिथे येईल त्याच्यापासून दुसऱ्या टोकाला. गिझर बाहेर गेला की पंखा खुशाल लावा. आता तो फक्त वाफ काढेल.

गिझर टांगून झाला की पहिल्या जोराच्या पावसात, वारा पश्चिमेचा असताना, एकदा उदबत्ती घेऊन पडवीत उभे राहा आणि धूर न्हाणीघराच्या पंख्याच्या भोकाकडे किंवा खोलीच्या खिडकीकडे वळतो का, ते बघा. वळत असेल तर आडभिंत एक हात पुढे वाढवा. त्याच दिवसापासून मुलांना वापरू द्या, त्याच्या आधी नको.